दवाखाना आठ तास दूर असताना: डोंगरातल्या प्रथमोपचाराच्या कोर्सला जाण्याआधीची तयारी

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ कुणाचा तरी पाय मोडला, असं धरून चला. पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेने धडधाकट माणूस साधारण अडीच तासांत खाली येतो. माणूस स्ट्रेचरवर असला की सगळा हिशेबच बदलतो. एका वेळी उचलायला सहा जण लागतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी खांदे बदलावे लागतात, म्हणजे किमान अठरा माणसं हवीत. अवघड टप्प्यावर दोर लावावा लागतो, अंधार पडला की वेग आणखी मंदावतो. सात-आठ तास सहज जातात. त्यानंतर पाचनईहून गाडीने राजूरच्या दवाखान्याचा रस्ता.

शहरात प्रथमोपचार म्हणजे 108 ची गाडी येईपर्यंतची काही मिनिटं. डोंगरात तो माणूस आठ तास तुमच्या ताब्यात असतो. त्याला तहान लागते, लघवीला होते, थंडी वाजते, तो घाबरतो, आणि त्याची तब्येत दर अर्ध्या तासाला बदलत असते. डोंगर-जंगलातल्या प्रथमोपचाराचा म्हणजे ‘विल्डरनेस फर्स्ट एड’चा कोर्स याच तासांसाठी असतो.

हा कोर्स मी केला, त्याला कारण झालं राजगड. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात उतरताना आमच्यातल्या एकीचा घोटा मुरगळला. मी क्रेप बँडेज काढलं, चांगलं जोर लावून बांधलं, वरून बूट चढवला आणि तिला आधार देत निघाले. तासाभराने ती म्हणाली, “ताई, पाय झोपल्यासारखा झालाय गं.” बूट काढला तर बोटं गार आणि पांढुरकी पडलेली. बँडेज सोडल्यावर हळूहळू ऊब परत आली, पण ती पाच मिनिटं मी विसरलेले नाही. बांधायचं कसं ते मला येत होतं. बांधल्यावर बोटांची ऊब, रंग आणि संवेदना पुन्हा पुन्हा तपासायच्या असतात, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

कोर्स दोनच दिवसांचा असतो. नाडी कुठे सापडते, गाठ कशी मारतात, यातच ते दोन दिवस गेले तर ज्याच्यासाठी आपण जातो ते राहून जातं: कुणाला आत्ताच खाली न्यायचं, कुणाला सकाळपर्यंत थांबवायचं, कुणाला आधार देत चालवायचं, हा निर्णय घेणं. म्हणून हाताची कामं घरून पक्की करून जायची. तीन आठवडे पुरतात.

कोर्स निवडताना

डोंगरातल्या प्रथमोपचाराचा मूळ कोर्स साधारण 16 ते 20 तासांचा, म्हणजे दोन ते अडीच दिवसांचा असतो. त्यापुढचा ‘विल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ 70 ते 80 तासांचा, आठ-दहा दिवसांचा. नेहमीच्या ग्रुपबरोबर महिन्याला एखादा ट्रेक करणाऱ्याला पहिला पुरेसा आहे. तुम्ही लोकांकडून पैसे घेऊन ट्रेक नेत असाल, मुलांची शिबिरं घेत असाल किंवा हिमालयात मोहिमा करत असाल तर दुसऱ्यासाठी वेळ काढाच. मसुरीच्या हनिफल सेंटरमध्ये असे मोठे कोर्स बऱ्याच वर्षांपासून होतात.

पैसे भरण्याआधी फोन करा आणि सरळ विचारा. एकूण तासांपैकी वर्गाबाहेर किती? पुतळ्यावर सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपाय) प्रत्येकाला करायला मिळतो की दोघा-चौघांनी करायचा आणि बाकीच्यांनी बघायचा? एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी? अंधारात निदान एक सराव होतो का? शिकवणाऱ्याने स्वतः कधी डोंगरातून जखमी माणूस खाली आणलाय का? या शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वजन देते. ज्याने चिखलात स्ट्रेचर वाहिलाय त्याचं शिकवणं वेगळं असतं. आपल्याकडे अशी माणसं आहेत: लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, आणि ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर’शी जोडलेले गावोगावचे बचाव गट. त्यांच्यापैकी कुणाचं सत्र असलं तर ते चुकवू नका.

कोर्स इंग्रजीत असेल तर घाबरायचं कारण नाही, पण शब्दांची यादी आधी मागवून घ्या आणि प्रत्येक शब्द मराठीत स्वतःला समजावा. पाचनईच्या माणसाला आणि राजूरच्या डॉक्टरांना तुम्ही मराठीतच सांगणार आहात.

पहिला आठवडा: नाडी, श्वास आणि ओठाची आतली बाजू

घरातल्या एका माणसाला पटवा. रोज रात्री जेवणानंतर त्याची नाडी, श्वास आणि त्वचा तपासायची आणि वहीत लिहायची.

नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, तुमच्या दोन बोटांनी बघायची. स्वतःचा अंगठा वापरायचा नाही, नाहीतर तुमचीच नाडी तुम्हाला लागते. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला 60 ते 100 असतात. मग त्यालाच जिना दोनदा चढायला लावा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर हातात ओला रुमाल धरून बोटं गार करा आणि पुन्हा मोजा. पावसात तसंच मोजावं लागणार आहे.

श्वास मोजताना समोरच्याला सांगायचं नाही. ‘आता तुझा श्वास मोजते’ म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घेतो. मनगट हातात तसंच ठेवायचं, नाडीच बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर न्यायची. मिनिटाला 12 ते 20 हे नेहमीचं.

त्वचेबद्दल पाश्चात्त्य पुस्तकांत ‘गुलाबी’, ‘फिकट’ असे शब्द असतात. आपल्या सावळ्या रंगावर ते पटकन दिसत नाही. खालचा ओठ हळूच दुमडून आतली बाजू बघा, नखाखालचा रंग बघा, तळहात बघा. घरातल्या चार माणसांचे ओठ निरोगी असताना बघून ठेवलेत, तर फिकट पडलेला ओठ डोंगरात लगेच ओळखू येईल. नख दाबून सोडा, रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. थंडीने बोटं गारठली असतील तर तो उशिरा येतो, तेवढं लक्षात ठेवा.

हे आकडे एकदा घेऊन काही कळत नाही. ते पुन्हा पुन्हा घेतल्यावर बोलायला लागतात. समजा एक बाई घसरून मांडीवर आपटली आहे आणि तुम्ही वहीत असं लिहिलंय:

10.50 – पूर्ण शुद्धीत, स्वतःचं नाव, ठिकाण, वार सांगते. नाडी 104, श्वास 24, ओठ ठीक.
11.10 – शुद्धीत. नाडी 92, श्वास 18, ओठ ठीक.
11.30 – शुद्धीत. नाडी 84, श्वास 16.

ही बाई घाबरली होती, आता सावरते आहे. आता अशाच पडलेल्या दुसऱ्या एकीची नाडी वहीत 104, 112, 124 अशी चढत गेली, ओठ पांढरे पडत गेले, ती अस्वस्थ झाली आणि ‘तहान लागलीय’ म्हणू लागली, तर बाहेर रक्ताचा थेंब नसला तरी आत कुठेतरी रक्तस्राव होत असण्याची दाट शक्यता आहे. मांडीचं हाड मोडलं की लिटरभर रक्त आतल्या आत जाऊ शकतं. पहिल्या वेळी दोघींची नाडी सारखीच होती. एकीला विश्रांती हवी आहे, दुसरीला आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं. हा फरक ओळखता आला तर कोर्सची निम्मी फी वसूल झाली.

याच आठवड्यात विचारायचे प्रश्नही तोंडात बसवा: काय होतंय, कशाची ॲलर्जी आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आधीचे आजार कोणते, शेवटचं काय आणि कधी खाल्लं-प्यायलं, पडण्याआधी नेमकं काय झालं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. ‘पाय घसरला’ आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी आली, मग पडलो’ या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आठवडा: हात

जुन्या सुती चादरीतून मीटरभर लांब-रुंद चौकोन काढा आणि कर्णावर कापा. दोन त्रिकोणी बँडेज तयार. एकाने हात गळ्यात बांधायला शिका, दुसरं घडी घालून पट्टी करा आणि तो हात छातीशी आवळा. रीफ नॉट, क्लोव्ह हिच आणि बोलाइन या तीन गाठी डोळे मिटून यायला हव्यात. ट्रेकर मंडळींना त्या येतात, पण दोन मिनिटं शांत बसून. हातमोजे घालून, कुणीतरी शेजारी ओरडत असताना मारून बघा.

मग मोडलेल्या हाताला आधार द्या. घरात जे असेल ते घ्या: घडी घातलेलं वर्तमानपत्र, झोपायची मॅट, छत्री, काठी. नियम थोडे आहेत. हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा दोन्ही हलता कामा नयेत, पोकळ जागी मऊ कापड भरायचं, अंगठी-कडं-घड्याळ आधी काढायचं, आणि बांधण्याआधी व बांधल्यानंतर बोटांची ऊब, रंग, संवेदना आणि हालचाल तपासायची. मी राजगडावर विसरले ते हेच. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. सूज वाढत राहते, पट्टी तेवढीच राहते.

जखम धुण्याचा सराव संत्र्यावर होतो. सालीवर चीर द्या, तिच्यात माती चोळा आणि 20 मिलिच्या सिरिंजने पिण्याच्या पाण्याची धार मारून ती साफ करा. किती पाणी लागतं ते बघून चकित व्हाल. खाली उतरायला उशीर होणार असेल तर जखम नीट धुणं हे मलमापेक्षा फार मोलाचं काम आहे.

सीपीआर पुतळ्याशिवाय शिकू नका, पण लय घरी बसवता येते. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब निदान 5 सेंटिमीटर खोल, 30 दाबांनंतर 2 श्वास. कडक उशीवर कोपर सरळ ठेवून दोन मिनिटं सलग करून बघा. खांदे भरून आले की कळतं, दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा ते. जिवंत माणसाच्या छातीवर मात्र सराव करायचा नाही.

आधी काय विसरायचं

आपण सगळे काही ना काही ऐकत वाढलो आहोत, आणि घाबरलेल्या क्षणी हात तिकडेच जातात. म्हणून कागदावर लिहून काढा. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. आजूबाजूचे दगड दूर करायचे, वेळ मोजायची आणि झटके थांबल्यावर कुशीवर वळवायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. भाजलेल्यावर टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. मुरगळलेल्या पायाला लगेच जोरात चोळायचं नाही.

एका बाबतीत चांगले अनुभवी लोकही गोंधळतात, म्हणून सविस्तर लिहिते. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि जोरात दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टीने आवळून बांधणं जीव वाचवतं. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. साप चावला असेल तर मात्र आवळून काहीही बांधायचं नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही. दिसायला दोन्ही ठिकाणी पट्टीच, पण एकीकडे ती उपाय आहे आणि दुसरीकडे अपाय.

तिसरा आठवडा: सह्याद्रीचा गृहपाठ

बऱ्याच कोर्सचा साचा परदेशी असतो. त्यात अस्वल आणि हिमदंश येतात. तुम्ही ज्या डोंगरात जाता तिथले प्रश्न तुम्हीच घेऊन जा.

आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळणारी प्रतिविषाची लस या चौघांवर चालते, त्यामुळे साप पकडून किंवा मारून नेण्यात वेळ घालवायचा नाही. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा बांधून स्थिर करायचा, माणसाला चालवायचं नाही, धीर द्यायचा आणि थेट लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. मण्यारीचं मुद्दाम वाचून जा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं कधी कधी कळतही नाही. गडावर मुक्कामाला असताना पहाटे कुणी पोटात दुखतंय म्हणून उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नका.

कोकणात जाणाऱ्यांनी विंचवाचाही अभ्यास करावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवता येतात हे दाखवून दिलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध डॉक्टरांनी द्यायचं. आपलं काम लक्षणं ओळखण्याचं: दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. नुसतं दुखतंय, उतरेल, म्हणून थांबायचं नाही, आणि मूल असेल तर मुळीच नाही.

आग्यामोहोळ हा माझ्या दृष्टीने गडांवरचा सगळ्यात कमी लेखला जाणारा धोका. कड्याखाली पोळी असतात. धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर यांनी ती उठतात. शंभर माश्या चावलेल्या माणसाचं काय करायचं आणि एकच माशी चावून ओठ-जीभ सुजलेल्या, श्वास घ्यायला त्रास होणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न प्रशिक्षकांना जरूर विचारा. दुसऱ्याला ॲड्रेनलीनचं इंजेक्शन लागतं, आणि परदेशात मिळणारं त्याचं टोचायचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. ग्रुपमध्ये कुणाला अशी ॲलर्जी असेल तर त्याच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवणं हाच मार्ग आहे.

एप्रिल-मेचा आणि ऑक्टोबरचा उष्माघात, जुलैत पठारावर भिजून वाऱ्यात बसल्यावर शरीराचं उतरलेलं तापमान, धबधब्याखालचं बुडणं, हेही यादीत घाला. सह्याद्रीत थंडीने काय होतं, असं पुष्कळांना वाटतं. पावसात चार तास भिजलेला माणूस अडखळून बोलू लागला, जर्किनची चेन त्याला लावता येईना, की त्याचं उत्तर मिळतं.

याच आठवड्यात तुमच्या पुढच्या ट्रेकचा एक कागद करा. पायथ्याचं गाव, गाडी कुठपर्यंत येते, रेंज कुठल्या वळणावर मिळते, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, तिथे सर्पदंशाची लस आहे का, गावातल्या एका माणसाचा फोन, बचाव गटाचा फोन. डोंगरातल्या गावांत आजाऱ्याला डोलीतून उतरवतात. बांबू आणि घोंगडीची डोली पाच मिनिटांत बांधणारी माणसं तिथे आहेत. पुढच्या खेपेला त्यांच्याकडून शिकून घ्या, आदराने.

अंगाची आणि मनाची तयारी

दोन दिवस तुम्ही गुडघ्यांवर असाल, ओणवे असाल, माणसं उचलत असाल. रोज दहा मिनिटं उकिडवं बसणं आणि उठणं सुरू करा. उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, मांड्यांनी उठायचं. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं, दमा, गरोदरपण, रक्त पाहून चक्कर येणं, जे असेल ते प्रशिक्षकांना आधीच सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते बघा. दहा वर्षं होऊन गेली असतील तर घेऊन टाका.

आणखी एक. सरावात खोटं रक्त वापरतात, कुणी खरंच किंचाळतं. ज्यांनी जवळचं माणूस अपघातात गमावलंय त्यांना ते जड जातं. आमच्या तुकडीतला एक जण सरावाच्या मध्येच उठून झाडामागे जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आधी सांगून भाग घेतला, आणि सगळ्यात शांत हात त्याचेच होते. तुमचं असं काही असेल तर पहिल्या दिवशी सकाळीच बोला.

पिशवीत काय

सेकंद काटा असलेलं घड्याळ. मोबाइल नाही, रक्ताळलेल्या हातमोज्यांनी तो चालत नाही. छोटी वही आणि पेन्सिल, कारण पेन ओल्या कागदावर उमटत नाही. हेडलॅम्प. पाच-सहा जोड नायट्राइल हातमोजे, 10 आणि 15 सेंटिमीटरची क्रेप बँडेज, तुम्ही कापलेले ते दोन त्रिकोण, गॉज, बोथट टोकाची कात्री, सिरिंज, ओआरएसची पाकिटं. झोपायची मॅट, रेनकोट. जुने कपडे घाला, कारण रुग्ण झालात तर ते कापले जातील. नखं कापून जा. तुमची नेहमीची ट्रेकची सॅक आहे तशीच न्या, कारण तिच्यातल्या सामानातूनच स्ट्रेचर आणि आधार बनवायला शिकायचंय. बाजारातली तयार पेटी आधी विकत घेऊ नका. काय लागतं हे कोर्सनंतर कळतं.

ट्रेकला आणि कोर्सला आदल्या रात्री झोप हवीच.

कोर्समध्ये

रुग्ण व्हायची संधी सोडू नका. दगडावर उताणं पडून आपल्यावर चार चेहरे ओणवले की कळतं, नाव विचारणारा आणि काय करणार ते सांगून मग हात लावणारा माणूस किती हवासा वाटतो. जमीन किती गार लागते हेही तिथेच कळतं. तेव्हापासून मी जखमी माणसाच्या अंगावर पांघरूण घालण्याआधी त्याच्या पाठीखाली मॅट सरकवते.

पहिल्या सरावात तुम्ही धावत सुटाल. सगळेच सुटतात. त्याआधी एक थांबा घ्या: वरून दगड येतोय का, माश्या उठल्यात का, पाणी वाढतंय का. मग हातमोजे. मग माणूस. आणि प्रमाणपत्राने तुम्ही डॉक्टर होत नाही, हे प्रशिक्षक सांगतीलच. शुद्धीतल्या माणसाची परवानगी घ्यायची, आणि त्याच्या स्वतःच्या गोळ्या त्याला घ्यायला मदत करायची, आपल्या पदरच्या द्यायच्या नाहीत.

प्रमाणपत्राची मुदत बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांची असते. हाताची सवय त्याच्या किती तरी आधी जाते. म्हणून कोर्सला निघतानाच ग्रुपला कळवून ठेवा, की परत आल्यावर पहिल्या ट्रेकला एक तास तुमचा. जेवणानंतर कुणीतरी न सांगता झाडाखाली पडून राहील, बाकीच्यांनी त्याला तपासायचं, वहीत लिहायचं आणि सॅकच्या सामानातून स्ट्रेचर करून शंभर पावलं उचलून न्यायचं. आमच्या ग्रुपने पहिल्यांदा हे केलं तेव्हा चाळीस पावलांतच स्ट्रेचर सुटला. दोन जर्किनांच्या बाह्यांतून काठ्या घातल्या होत्या आणि चेन लावायच्या राहिल्या होत्या. आता आधी चेन लागतात.